वाफा वाईट आठवड्याच्या मापाने आखा

प्रिय,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. दोघांच्याही नोकऱ्या नव्या, घरी पोचेपर्यंत अंधार, आणि रविवारी हौसेने लावलेली रोपं बुधवारी मान टाकतात. 'बागेचा नाद सोडावा का?' असं विचारलंयस. सोडू नका, वाफा लहान करा.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एकाच सुट्टीत टोमॅटोची बारा रोपं, भेंडीची अख्खी ओळ आणि काकडीचे तीन वेल लावले होते. सगळं छान धरलं. मग कामाचा जोर आला आणि आठ दिवस मी तिकडे फिरकलो नाही. परत पाहिलं तेव्हा भेंड्या जून होऊन दोरासारख्या चिवट झाल्या होत्या, काकड्या वेलावरच पिवळ्या पडल्या होत्या. भेंडी दोन-तीन दिवसांनी तोडावीच लागते. काकडी वेलावर पिकली की वेलाचा जोर बी भरण्यात जातो, नवी फळं कमी धरतात. तोडणी चुकली की त्या आठवड्याबरोबर पुढचंही पीक हातचं जातं. फार वाईट वाटलं होतं. तेव्हापासून काहीही लावण्याआधी मी स्वतःला विचारतो, कामाचा सगळ्यात वाईट आठवडा आला तर यातलं किती सांभाळता येईल? तेवढंच लावतो.

पहिले काही महिने पालेभाज्यांना द्या. मेथी साधारण महिन्याभरात काढायला येते. पालकाची बाहेरची पानं खुडत राहिलं की तो आतून पुन्हा फुटतो. पण हाताशी आहे म्हणून सगळं बी एकदम पेरू नका. दर 15 दिवसांनी हातभर जागेत पेरा, म्हणजे सगळी भाजी एकाच वेळी अंगावर येणार नाही.

टोमॅटोचा मोह होणारच. दोनच रोपं लावा, प्रत्येकाला निदान 20 लिटरची कुंडी आणि रोज सहा तास ऊन द्या. टोमॅटोला पाण्याची हयगय चालत नाही. कधी कोरडं, कधी तुडुंब असं झालं की फळाच्या बुडाशी काळा चट्टा पडतो. तो बहुधा रोग नसतो. पाणी अनियमित झालं की फळापर्यंत कॅल्शियम पुरेसं पोचत नाही. त्यावर खतं ओतत बसू नका, आधी पाणी सुधारा.

पाण्याचा भार आच्छादनाने बराच हलका होतो. वाळलेल्या पानांचा 5 ते 7 सेंटिमीटर थर पसरा, खोडाला मात्र चिकटवू नका. बोट मातीत दोन पेरं खुपसून पाहा, कोरडं लागलं तरच पाणी द्या, आणि दिलं तर कुंडीच्या बुडातून झिरपेपर्यंत द्या. वरवर शिंपडलेलं पाणी मुळांपर्यंत जातच नाही. दोघांनाही कामासाठी बाहेरगावी जावं लागत असेल तर टायमरचं ठिबक बसवून घ्या.

पण ठिबकाला मावा, म्हणजे पानांचा रस शोषणारी बारीक कीड, दिसत नाही, म्हणून सकाळची दहा मिनिटं मला सर्वांत मोलाची वाटतात. फोन घरात ठेवून जायचं आणि पानं उलटून पाहायची. सोमवारी दोन पानांखाली बसलेला मावा पाण्याच्या धारेने धुऊन जातो. रविवारपर्यंत थांबलात तर शेंडे आकसलेले असतात. रविवारच्या तीन तासांनी या दहा मिनिटांची भरपाई होत नाही.

एक गोष्ट आग्रहाने सांगतो. आज तुझी पाळी, उद्या जोडीदाराची, असे दिवस वाटून घेऊ नका. थकून आल्यावर 'पाणी घातलं असेल' असं दोघांनाही वाटतं आणि वाफा कोरडा राहतो. कामं वाटा. एकाकडे पाणी, दुसऱ्याकडे तोडणी आणि कीड पाहणं. ज्याचं त्याला ठाऊक असलं की घरात कुरबुरही होत नाही.

एखादा महिना अगदीच जमला नाही तर रिकामा वाफा पालापाचोळ्याने झाकून ठेवा. ओल टिकेल, तणही कमी येईल.

आता एवढं कर. या सुट्टीच्या दिवशी तुमच्या जागेत ऊन किती वाजता येतं आणि किती वाजता जातं ते लिहून कळव. मिरचीची दोन रोपं कुठे ठेवायची ते त्यावरून सांगतो.

तुझा,
काका