कव्हर काढायचा धीर

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातल्या एका अनुदानित हायस्कूलमध्ये आठवी-नववीला विज्ञान शिकवते. वय ५२, नोकरीला २७ वर्षं झाली. गेल्या वर्षी शाळेत मोठा टच पॅनल आला. आमचे तरुण सर त्यावर सराईतपणे शिकवतात. मीही एकदा आठवीवर लावून पाहिला. बोट कुठे लागलं कोण जाणे, समोरचं पान गेलं आणि पाच मिनिटं काही केल्या सापडेना. मागच्या बाकावरून एक मुलगा हसला. त्या दिवसापासून पॅनलवर कव्हर आहे आणि मी फळ्यावर शिकवते. निकाल चांगला लागतो, मुलंही खूश असतात, पण मनाला टोचणी आहे. या वयात धीर कुठून आणायचा?

उत्तर : बाई, त्या पाच मिनिटांत तुमच्या पोटात काय झालं असेल ते मला ठाऊक आहे. मी ३१ वर्षं विज्ञान शिकवलं. २०१३ साली पहिल्यांदा नववीच्या वर्गात प्रोजेक्टर लावला. पडद्यावर नुसता निळा उजेड. वायर काढली, घातली, लॅपटॉप बंद करून चालू केला, तरी निळाच. पन्नास पोरं गप्प बसून माझ्याकडे बघत होती आणि माझे हात थरथरत होते. शेवटी पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "बाई, फळ्यावरच काढा ना, तुम्ही छान काढता." घरी जाऊन मी रडले.

त्या रात्री मला एक उमगलं. मला यंत्राचं भय नव्हतंच. वर्गात ज्या जागी आजवर माझा शब्द शेवटचा होता, तिथे मी अडले, ते सोसत नव्हतं. तुमचंही तेच असावं, नाहीतर ते हसणं इतके दिवस मनात राहिलं नसतं.

म्हणून आधी पॅनल विसरा आणि स्वतःला विचारा, कोणत्या धड्याला माझा खडू कमी पडतो? डिसले गुरुजींचं नाव घेऊन आपल्यासारख्यांना पुष्कळदा लाजवलं जातं, २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार त्यांना मिळाला म्हणून. पण सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेत त्यांच्यापुढे अडचण काय होती, तर पुरस्कार देणाऱ्यांच्या माहितीनुसार, मुलांची घरची भाषा कन्नड आणि पुस्तक दुसऱ्या भाषेत. पुस्तकातले क्यूआर कोड त्या अडचणीपायी आले. आधी अडलेलं मूल, मग यंत्र. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो.

आठवीचं तुमचं अडणारं ठिकाण मी सांगू? धाराविद्युत. फळ्यावर घट (सेल) काढा, दिवा काढा, विद्युतधारेचे बाण काढा आणि विचारा, "दिव्याच्या अलीकडे धारा जास्त की पलीकडे?" निम्मा वर्ग म्हणतो, अलीकडे, कारण दिव्यानं थोडी खाल्ली. वर्षानुवर्षं मी हे ऐकलं. बाण कितीही ठळक काढले तरी ही समजूत हलत नाही, कारण बाण हलत नाही.

अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात नोबेल विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये 'फेट' नावाचा प्रकल्प सुरू केला. त्यातले विज्ञानाचे प्रयोग फुकट आहेत. विद्युत मंडलाचा (सर्किटचा) प्रयोग उघडा. घट, दिवा, तारा बोटानं ओढून जोडायच्या. मंडल पूर्ण झालं की तारेतून निळे इलेक्ट्रॉन सरकताना दिसतात. दिव्याच्या अलीकडे ज्या वेगानं, पलीकडेही त्याच वेगानं. दोन्हीकडे धारा मोजणारा अ‍ॅमीटर लावला की आकडाही तोच. हे पाहून माझ्या वर्गातला एक मुलगा जागेवर उभा राहून म्हणाला, "मग दिवा खातो काय?" ऊर्जेचा पाठ मला तिथून सुरू करता आला. इतक्या वर्षांत तो प्रश्न मुलांकडून पहिल्यांदाच आला होता. आणि हो, दिवा न जोडता नुसत्या तारेनं घटाची दोन टोकं जोडून दाखवा. पडद्यावर घट पेट घेतो. शॉर्टसर्किट म्हणजे काय, ते वेगळं सांगावं लागत नाही.

या प्रयोगाची फाइल एकदा उतरवून घेतली की नेट लागत नाही. ती शाळेच्या लॅपटॉपवर ठेवा आणि लॅपटॉप पॅनलला जोडा. पॅनलच्या बाकी पन्नास सोयींकडे यंदा बघूच नका. एक प्रयोग, तोही तासातली पंधरा मिनिटं. तास सुरू होण्याआधी फळ्यावर मंडलाची आकृती काढून ठेवा. लाईट गेली तर खडू उचलायचा आणि पुढे जायचं. मला सगळ्यात जास्त धीर त्या आकृतीनं दिला.

सराव मात्र हवाच, आणि तो रिकाम्या वर्गात. मी शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर तासभर थांबायचे, नववीच्या दोन मुली सोबतीला घेऊन. पान गेलं तर परत कुठून आणायचं, हे त्यांनीच मला दाखवलं. तिसऱ्या शनिवारी हात थरथरायचे थांबले. तरुण सर "मी लावून देतो" म्हणतील. त्यांना प्रेमानं सांगा, लावून देऊ नका, मी लावते, तुम्ही शेजारी उभे राहा. दुसऱ्यानं लावून दिलेल्या यंत्रावर आपला हात बसत नाही.

मागच्या बाकावरून हसणारं ते पोर कोण, हे तुम्हाला नक्की ठाऊक असणार. येत्या शनिवारी मदतीला त्यालाच थांबवा. घरी यायला उशीर होईल, असं आईला आदल्या दिवशीच सांगून यायला सांगा.