लहर सांध्यावर तुटते म्हणून माग बदलू नका

ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसले. तंबोऱ्याच्या षड्जाची लहर ग्राफ पेपरवर उतरवून तुम्ही दोन पट्ट्या विणल्यात, एक उतरवलेली, दुसरी अजून मागावर. शेजारी धरल्या की लहर सांध्यावर तुटते, सोबतचं वर्तुळ अंड्यासारखं आडवं पसरलंय, आणि आता मोठा माग घ्यावा का, असं विचारताय. शिवाय विणकर म्हणून नोंदणीचंही. सात वर्षांपूर्वी मी नेमकी इथेच अडकले होते. माग घेऊ नका. दोष मागाचा नाही.

ताणा म्हणजे उभे धागे भरणं, आडवा धागा ठोकून बसवणारी फणी निवडणं हे तुम्हाला येतंच, ते सोडून देते. इंचाला २४ उभे धागे आहेत, असं तुम्ही लिहिलंय. आडवे किती बसतात ते कुठेच नाही. तेव्हा मीही ते मोजत नव्हते.

पुण्यात कसब्यातल्या तांबट आळीत हातोड्याच्या एका ठोक्याचा आवाज मी फोनवर घेतला होता. त्याचा आलेख मला फार आवडला: आधी एकदम सुळका, मग वरून-खालून निमुळता होत मधल्या रेषेत विरून जाणारा. तीन पट्ट्या शेजारी-शेजारी टांगायच्या, सुळका पहिलीत आणि विरत जाणं पुढच्या दोघींत, असं ठरवलं. पांढऱ्या सुताची साधी वीण, तिच्यावर हाताने दोरे उचलून भरलेला तांब्याच्या रंगाचा जादा रेशमी धागा. मधली रेषा खालून ६१२व्या आडव्या धाग्यावर यायची होती.

पहिली पट्टी मे महिन्यात झाली. मग घरात आजारपण निघालं आणि माग तसाच राहिला. तिसरी उतरली तोवर जुलै संपत आला होता. प्रदर्शनाला आठ दिवस असताना तिन्ही पट्ट्या खोलीतल्या दोरीवर टांगल्या. पहिलीची मधली रेषा १८ इंचांवर, तिसरीची १६ इंचांच्या जेमतेम वर. जवळजवळ दोन इंचांची पायरी. विरत जाणारा आवाज मध्येच खाली कोसळल्यासारखा दिसत होता. भिंग लावून मोजलं तेव्हा कळलं, पहिलीत इंचाला ३४ आडवे धागे होते, तिसरीत ३८. पावसाळी हवेत सूत ओलावा धरतं, ताण बदलतो, आणि दोन महिने सुटलेला माझा हात फणी जास्त जोरात ठोकत होता. रोज विणताना काहीच खटकलं नव्हतं, कारण मागावर एका वेळी वीतभर कापड डोळ्यांसमोर असतं, बाकीचं रुळावर गुंडाळलेलं. तिसरी पट्टी पुन्हा विणली, पण प्रदर्शन होऊन गेलं होतं. इतक्या वर्षांच्या कामात माझं सगळ्यात मोठं नुकसान तेच.

तुमच्या वर्तुळाचंही मूळ तिथेच आहे. ग्राफ पेपरचा चौकोन चौरस असतो, कापडातला नसतो. समजा तुमचेही आडवे धागे ३४ बसतात. मग २४ बाय २४ चौकोनांचं वर्तुळ एक इंच रुंद आणि पाऊण इंचापेक्षाही कमी उंच येणार. त्यामुळे चित्र विणायच्या आधी उंचीत ताणून घ्यायचं, या आकड्यांना साधारण १.४ पट. पण हे आकडे माझे आहेत, डोळे मिटून वापरू नका. आधी वीतभर नमुना विणा, मागावरून उतरवा, धुवा, वाळवा, मग मोजा. माझ्या सुतात धुतल्यावर २४ चे २६ झाले आणि ३४ चे ३६. तुमचं सूत वेगळं वागेल.

इचलकरंजीत यंत्रमागाची मजुरी पिकावर, म्हणजे इंचातल्या आडव्या धाग्यांवर ठरते. तिथे हा आकडा कुणी विसरत नाही. आपण कलाकृती करतो म्हणून आपल्याला मोजणी लागत नाही, हा समज मनातून काढून टाका. मी आता कागदाची लांब पट्टी घेते, तिच्यावर दर इंचाला धाग्याचा आकडा लिहिते आणि कापडाच्या काठाला टाचणीने लावून कामाबरोबर पुढे सरकवते. दर दोन इंचांनी ताण सैल करून मोजते, ताणलेल्या कापडावर कधीच नाही. एक-दोन धाग्यांचा फरक तिथल्या तिथे निस्तरता येतो. आणि शेजारी लावायच्या पट्ट्या एकाच ताण्यावर, एकापाठोपाठ एक विणायच्या, मध्ये खंड नाही. मला विचाराल तर बाकीच्या सगळ्या युक्त्यांपेक्षा ही एक जास्त कामाची.

आता लहरीबद्दल, कारण तुमच्या चित्रात मला आणखी एक अडचण दिसते. काळी एक या सुरात लावलेल्या पुरुषी तंबोऱ्याच्या मधल्या दोन तारांचा सा सुमारे १३९ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १३९ लहरी. एका लहरीला एक इंच दिला तर आवाजाच्या एका सेकंदाला साडेअकरा फूट कापड लागेल. म्हणजे सगळा आवाज विणता येत नाही, त्यातलं काय घ्यायचं ते निवडावंच लागतं. तंबोऱ्याची मजा जवारीत आहे. घोडीवर तारेखाली सरकवलेला तो सुताचा दोरा वरचे हार्मोनिक, म्हणजे मूळ सुराच्या पटीतले बारीक सूर, खुलवतो आणि लहरीच्या अंगावर बारीक कंगोरे उठतात. पण एका लहरीला २४च उभे धागे असतील तर बाराव्या हार्मोनिकच्या पुढचं त्यांत मावतच नाही, कारण प्रत्येक बारीक लहरीला निदान दोन धागे हवेत. माझ्या डोळ्यांना तर पाचव्या-सहाव्याच्या पुढे नुसते दाते दिसतात. तरीही ते भरत बसलात तर मूळ आवाजात नसलेल्या खोट्या लहरी कापडावर उमटतात. तेव्हा कंगोरे सोडा, नाहीतर एका लहरीला चार-पाच इंच द्या.

चार शाफ्टवरच, म्हणजे उभे धागे उचलणाऱ्या चार चौकटींवरच, काम करायचं असेल तर मी लहरी ट्विलकडे, म्हणजे तिरप्या रेषांच्या विणीकडे, वळेन. ओवणी सरळ क्रमाने, पण काही ठिकाणी एकाच शाफ्टवर लागून दोन-तीन दोरे घ्यायचे. तिथे तिरपी रेषा आडवी पडते, बाकीच्या ठिकाणी उभी राहते, आणि डोळ्यांना लाट दिसते. मात्र तीन-तीन दोरे घेतलेत तर दोन शाफ्ट वर, दोन खाली अशा ट्विलमध्ये आडवा धागा सहा दोऱ्यांवरून सुटा जातो. तुमच्या विणीत तो पाव इंच झाला. पडद्याला चालेल, अंगावरच्या शालीला बांगडी अडकेल.

वर्तुळांची हौस असेल तर क्लाडनी या जर्मन शास्त्रज्ञाच्या आकृत्या नक्की करून बघा. १७८७ साली त्याने त्या छापल्या. पातळ धातूच्या पत्र्यावर वाळू पसरून कडेला व्हायोलिनचा गज ओढायचा. पत्रा जिथे थरथरत नाही तिथे वाळू गोळा होते. पत्रा पुण्याच्या बोहरी आळीत मिळेल. या आकृतींत फक्त वाळू आहे की नाही एवढंच असतं, म्हणून त्या विणीत स्वच्छ उतरतात.

एक विनंती, थोडी विषयाबाहेरची. लहरीचं चित्र आहे म्हणून पडदा ‘आवाज शोषणारा’ असं सांगून विकू नका. ॲनी आल्बर्स या जर्मन विणकर कलावतीने १९३०च्या सुमारास बर्लिनजवळच्या बेर्नाऊतल्या एका शाळेच्या सभागृहासाठी खरोखर आवाज शोषणारं कापड विणलं होतं, पण ते काम शेनील या मखमली, लवदार सुताचं होतं, नक्षीचं नव्हे. त्या सा ची लहर हवेत जवळजवळ अडीच मीटर लांब असते, भिंतीला चिकटलेल्या पातळ कापडाला ती जाणवतही नाही.

नोंदणीचं विचारलंत म्हणून सांगते. मी एका कार्यालयात तीन खेपा घातल्या. तिन्ही वेळा एकच प्रश्न, साडी की सतरंजी? अर्जात तिसरा रकानाच नव्हता आणि कापड उलगडून बघायला कुणी तयार नव्हतं. त्या दिवसांचा राग अजून गेलेला नाही. तुमचा अनुभव वेगळा असू शकतो, पण त्यासाठी काम थांबवू नका.

सध्या मागावर जी पट्टी आहे ती आज कापू नका. ताण सैल करून रात्रभर राहू द्या, सकाळी सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी अशा तीन ठिकाणी इंचातले आडवे धागे मोजा आणि उतरवलेल्या पट्टीचेही मोजा. ते सहा आकडे इथे लिहिलेत तर पुढची पट्टी कुठून जुळवायची ते मी सांगेन.