वायफाय रडतंय, पण दुखतंय कुठे?

या महिन्यात सगळ्यात जास्त पत्रं आणि मेल आले ते घरचं नेट स्लो चालण्याबद्दल, आणि जवळजवळ प्रत्येकात शेवटचा प्रश्न एकच, की प्लॅन वाढवू का राउटर बदलू. त्यातली चार पत्रं घेतलीयेत. पहिल्याचं उत्तर लांबलंय, पण ते सगळ्यांनीच वाचा, कारण निम्म्या तक्रारींचं मूळ तिथेच आहे.

प्रश्न : स.न.वि.वि. आमची चाळ रिडेव्हलपमेंटला गेली होती, मागच्या दिवाळीत नवीन टॉवरमध्ये सतराव्या मजल्यावर जागा मिळाली. जुन्या खोलीत पन्नासचा प्लॅन होता आणि नेट मस्त चालायचं. इथे दोनशेचा घेतलाय तरी आतल्या बेडरूममध्ये मुलीचं ऑनलाइन लेक्चर अडकतं, सरांचं बोलणं तुकड्या-तुकड्याने ऐकू येतं, शेवटी ती बेडरूमच्या दारात स्टूल टाकून बसते. कंपनीचा मुलगा येऊन गेला, त्याने हॉलमध्ये राउटरपाशी उभं राहून मोबाईलवर स्पीड काढला, १९० आला. म्हणाला लाईन ओके आहे ताई, तुम्ही चारशेचा प्लॅन घ्या. घेऊ का?
— एक वाचक, लालबाग

उत्तर : ताई, नका घेऊ. हॉलमध्ये १९० येतोय म्हणजे बाहेरून राउटरपर्यंत नेट व्यवस्थित येतंय, ते त्या मुलाने स्वतःच तुम्हाला दाखवून दिलं. स्पीड पडतोय तो हॉल आणि बेडरूमच्या मध्ये, आणि तिथे तुम्ही चारशे टाका नाहीतर हजार टाका, भिंत जेवढं सोडेल तेवढंच आत पोचणार. एका व्हिडिओ लेक्चरला खरं तर तीन-चार एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट, प्लॅनचा आकडा यातच असतो) पुरतात, तुमच्याकडे दोनशे आहेत, म्हणजे प्रश्न कमी पडण्याचा नाहीये, पोचण्याचा आहे.

आता जुन्या खोलीत का चालायचं ते सांगतो. तिथे एकच खोली, फार तर मधे लाकडी पार्टिशन किंवा विटांची भिंत. नवीन टॉवर बरेचसे मायवान पद्धतीने बांधतात, म्हणजे अॅल्युमिनियमचे साचे उभे करून भिंती आणि स्लॅब एकदमच काँक्रीटमध्ये ओततात, त्यामुळे दोन खोल्यांमधल्या साध्या भिंतीतसुद्धा सळयांची जाळी असते. तुमच्याकडे तसं आहे का हे ओळखणं सोपं आहे, कॅलेंडरसाठी खिळा ठोकायला गेलात आणि खिळा वाकला, शेवटी ड्रिलवाल्याला बोलवावं लागलं, तर समजा भिंत काँक्रीटची आहे. वायफायच्या लहरी विटेतून बऱ्यापैकी जातात, लाकडातून, प्लायमधून आरामात जातात, पण काँक्रीट आणि लोखंड त्यांना फार अडवतं. बेडरूमच्या त्याच भिंतीला लोखंडी कपाट लावलेलं असेल, तर झालंच. आरशाचंही तसंच, काचेमागे धातूचा पातळ थर असतो.

आपल्या मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्याला समुद्राखालून आलेल्या मोठ्या केबल लागतात, हजारो किलोमीटर पार करून डेटा तिथवर पोचतो आणि मग आपल्या घरात शेवटच्या पंधरा फुटांत अडतो, म्हणून मी सगळ्यांना सांगत असतो की आधी ते पंधरा फूट बघा.

करायचं काय तर आधी मोजा. लॅपटॉपला लॅनची, म्हणजे नेटची वायर लावायची, जागा असेल तर राउटरला थेट वायर लावून स्पीड काढा, नसेल तर राउटरपासून पाच-सहा फुटांवर उभं राहून मोबाईलवर काढा, मग बेडरूमच्या दारात, मग मुलगी जिथे बसते अगदी त्या खुर्चीवर. तीन आकडे कागदावर लिहा. दारात ८० आणि खुर्चीवर ६ असं काहीतरी दिसेल, आणि मग कुठे आकडा कोसळतो ते कुणी सांगायची गरजच राहणार नाही. मोजताना घरातले बाकी मोबाईल आणि टीव्ही बंद ठेवा. आणि एक गोंधळ टाळा, प्लॅन असतो मेगाबिटमध्ये आणि डाऊनलोड होताना कॉम्प्युटर बहुतेक वेळा मेगाबाइट दाखवतो, आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे दोनशेच्या प्लॅनवर २५ दिसले तर ते पूर्ण दोनशेच आहेत.

मग राउटर हलवा. बहुतेक घरी तो टीव्हीच्या मागे नाहीतर टीव्ही युनिटच्या कप्प्यात कोंबलेला असतो, कारण वायर तिथे आली आणि दिसायला बरं दिसतं. टीव्हीच्या मागच्या बाजूला बराच धातू असतो. नवीन बिल्डिंगमध्ये तर मेन दारापाशी भिंतीत पत्र्याचा बॉक्स असतो, त्यातच राउटर ठेवून झाकण लावून जातात, ते सगळ्यात वाईट. मुलुंडला माझ्या मावशीकडे राउटर फ्रिजच्या मागे खाली ठेवलेला होता. तिथून उचलून पॅसेजच्या तोंडाशी माळ्याच्या कडेला ठेवला, आठ फूटसुद्धा लांब नाही, आणि आतल्या खोलीतला आकडा ९ वरून ६० च्या वर गेला, मावशीला वाटलं मी काहीतरी मोठं काम केलं. तुम्हीही अशी जागा शोधा जिथून बेडरूमचं दार सरळ दिसतं, उंची पाच-सहा फूट, कारण भिंतीतून जाण्यापेक्षा दारातून जाणं लहरींना सोपं. अँटेना उभ्या ठेवा.

राउटरची बहुधा दोन नावं दिसतात, एकाच्या शेवटी ५जी लिहिलेलं असतं. ते मोबाईलचं ५जी नव्हे, ते पाच गिगाहर्ट्झ. स्पीड त्याचा जास्त पण भिंतीपुढे लवकर दम टाकतो. दुसरं २.४ गिगाहर्ट्झचं, सावकाश पण लांब जाणारं. हॉलमधल्या टीव्हीला पाचवाला द्या. बेडरूममध्ये दोन्ही लावून बघा, जिथे लेक्चर तुटत नाही ते ठेवा.

हे सगळं करून भागलं नाही तर पैसे खर्च करा, पण प्लॅनवर नको. टॉवरच्या भिंतीत टीव्हीच्या किंवा टेलिफोनच्या वायरीसाठी हॉलपासून बेडरूमपर्यंत पाइप टाकलेला असतो, बऱ्याचदा रिकामा. इलेक्ट्रिशियनला सांगा त्यातून कॅट सिक्सची, म्हणजे चांगल्या प्रतीची लॅन वायर ओढून दे, लाईटच्या वायरीच्या पाइपातून मात्र ओढू देऊ नका. बेडरूमच्या टोकाला एक साधा राउटर लावा, घरात जुना पडला असेल तर तोही चालतो. त्याच्या सेटिंगमध्ये आधी त्याचा स्वतःचा पत्ता पहिल्या राउटरपेक्षा वेगळा करा, मग डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटायचं काम, ते पहिला राउटर करतोच) बंद करा, आणि वायर त्याच्या लॅनच्या भोकात घाला, वॅनच्या, म्हणजे बाहेरून येणाऱ्या नेटच्या भोकात नाही. दुकानदार बहुतेक वेळा आधी रिपीटर, म्हणजे वायफाय पकडून पुढे सोडणारा छोटा डबा, दाखवतो, स्वस्त आणि वायर लागत नाही, पण स्वस्तातला रिपीटर त्याच एका चॅनलवर (वायफायच्या लहरींच्या पट्ट्यावर) ऐकतो आणि त्यावरच पुढे बोलतो, त्यामुळे स्पीड साधारण अर्धा होतो, आणि लोक तो नेमका बेडरूममध्ये लावतात जिथे त्यालाच सिग्नल मिळत नसतो. घ्यायचाच असेल तर दाराबाहेर पॅसेजमध्ये लावा. मुलीची परीक्षा जवळ असेल तर हे सगळं होईपर्यंत एक लांब लॅन वायर दारातून जमिनीवरून टाकून द्या, दिसायला बरी नाही दिसणार पण लेक्चर एकदाही अडकणार नाही.

प्रश्न : तीनशेचा प्लॅन, नवीन राउटर, लॅपटॉप राउटरच्या शेजारी, वायर लावून. तरी ९४ च्या वर जात नाही. कंपनी म्हणते आमच्याकडून तीनशे सुटतोय.
— एक वाचक, कांदिवली

उत्तर : ९४ आकडा बघितला आणि अर्धं काम झालं. शंभरच्या जोडणीवर डेटा पाठवण्यातच जाणारा वरखर्च वजा जाता हातात ९४-९५ च येतात, म्हणजे तुमच्याकडे कुठेतरी हजाराऐवजी शंभरची जोडणी लागतेय. लॅनच्या वायरीत आठ तारा असतात, शंभरला चार पुरतात, हजाराला आठही लागतात. एक तार तुटली किंवा टोकाची क्लिप नीट दाबून बसवली (क्रिम्प) गेली नाही तर नेट बंद पडत नाही, गुपचूप शंभरवर येतं, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. कॅट फाइव्ह ई किंवा कॅट सिक्सची तयार वायर आणून दोन्ही वायरी एकेक करून बदला, लॅपटॉपची पण आणि भिंतीवरच्या डब्यातून राउटरला येणारी पण. तरी ९४ च आला तर राउटरच्या पेटीवर बघा, स्वस्त राउटरवर मोठ्या अक्षरात बाराशे छापलेलं असतं पण मागची भोकं शंभरचीच असतात. लॅपटॉप जुना असेल तर त्याचंही भोक शंभरचं असू शकतं, एकदा दुसऱ्या लॅपटॉपवर बघून घ्या.

प्रश्न : आम्ही गिरगावात चाळीत राहतो, लोकल केबलवाल्याचं चाळीसचं नेट आहे. दिवसभर छान, रात्री नऊ वाजले की मालिका पण नीट लागत नाही. आमच्या ह्यांना वाटतं शेजारचे आपलं वायफाय वापरतात, त्यावरून परवा बोलाचाली व्हायची वेळ आली होती. खात्री कशी करायची?
— एक वाचक, गिरगाव

उत्तर : वहिनी, आधी ह्यांना थांबवा, एका भिंतीला भिंत लागून राहायचं असतं तिथे अंदाजाने बोललेलं फार महागात पडतं. राउटरच्या खाली स्टिकरवर पत्ता आणि पासवर्ड असतो, तो पत्ता ब्राउझरमध्ये टाकून राउटरच्या सेटिंगमध्ये जा आणि जोडलेल्या उपकरणांची यादी उघडा. त्यात अनोळखी नावं दिसली तरी लगेच चोर ठरवू नका, हल्लीचे मोबाईल स्वतःची ओळख लपवून वेगळाच नंबर सांगतात, तुमचाच फोन तुम्हाला ओळखू येणार नाही. सरळ पासवर्ड बदला, सुरक्षेत डब्ल्यूपीए२ किंवा ३ निवडा, डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्ड न टाकता जोडायची सोय, बंद करा, आणि घरातले फोन एकेक करून परत जोडा. त्या रात्री नऊला तसंच झालं तर शेजारी सुटले.

मला वाटतं तसंच होणार, कारण नऊची वेळ बरंच सांगते. तेव्हा तीन गोष्टी एकदम होतात. एक, केबलवाल्याची एकच मोठी लाईन सगळ्या चाळीत वाटलेली असते आणि सगळे एकाच वेळी घरी येऊन बसतात. दुसरं, हवेतली गर्दी, मोबाईलवर वायफायची यादी उघडली तर तुमच्याकडे पंचवीस-तीस नावं सहज दिसतील, आणि २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांना न चिकटणारी चॅनल तीनच, १, ६ आणि ११. राउटर त्याचं तो निवडत असेल तर फुकट फोन अॅपने बघा या तिनांत गर्दी कुठे कमी आहे आणि तेच पक्कं करा, चॅनलची रुंदी २० ठेवा, ४० नको. त्याहून बरं म्हणजे राउटरला पाच गिगाहर्ट्झ असेल तर टीव्ही त्याच्यावर न्या, तुमची खोली लहान आहे, पाचवाला आरामात पुरेल, आणि तिथे गर्दी कमी.

तिसरी गोष्ट कुणाच्या डोक्यात येत नाही. कामावरून आलं की सगळे आधी मोबाईल चार्जिंगला लावतात, आणि घरचं वायफाय मिळालं, चार्जर लागला, की फोन दिवसभराचे फोटो आणि व्हिडिओ वर चढवायला घेतो. अपलोड भरलं की डाऊनलोडपण अडतं, कारण खाली येणाऱ्या प्रत्येक तुकड्याची 'मिळालं' म्हणून पोच वर जावी लागते आणि ती पोचच रांगेत अडकते. दोन दिवस सगळ्या फोनमधला फोटो बॅकअप बंद करून बघा. लग्नाचा व्हिडिओ कुणी टाकला असेल तर तो दोन-दोन रात्री चढत राहतो.

लाईनच कमी पडतेय का हे पक्कं करायला चार दिवस सकाळी सातला आणि रात्री साडेनऊला लॅन वायर लावून स्पीड काढा, तारीख-वेळेसकट वहीत लिहा. सकाळी ३८ आणि रात्री ५ असेल तर वही घेऊन केबलवाल्याकडे जा आणि बोला. सरकारी व्याख्येत २०२३ पासून ब्रॉडबँडला किमान २ एमबीपीएस ठरलेत, तेवढे तो देतोच, त्यामुळे कायद्याची भाषा करून फार काही हाती लागत नाही, तुमचे आकडे दाखवले तर तो मान्य करतो.

प्रश्न : पाऊस लागला की नेट जातं किंवा मंद होतं. फायबर आहे. भांडुपला तळमजल्यावर राहतो. काय कारण?
— एक वाचक, भांडुप

उत्तर : काचेच्या तंतूला पाण्याचं काही नाही, पण जोडाच्या डब्यात पाणी शिरलं की त्रास होतो, आणि बऱ्याच बिल्डिंगमध्ये फायबर जिन्यातल्या डब्यापर्यंतच असते, पुढे घरात साधी तांब्याची लॅन वायर, ती गच्चीवरून भिजत आलेली. आधी तुमच्या घरात नक्की काय येतं ते बघा. बारीक वायर आणि टोकाला हिरवं किंवा निळं टोपण असेल तर फायबर. मग ती वायर घरातल्या ज्या डब्याला लागते त्यावरचा एलओएस नावाचा दिवा बघा, लाल असेल तर प्रकाशच पोचत नाहीये, तुमच्या हातात काही नाही, तक्रार करा. लाल नसून नेट मंद असेल तर डब्याच्या सेटिंगमध्ये येणाऱ्या प्रकाशाचा आकडा असतो, उणे १५ ते उणे २५ चांगला, उणे २७ च्या पलीकडे गेला की जोड खराब किंवा वायर कुठेतरी दबलीय.

आणि ती कुठे दबते ते मी मुंबईत इतक्या घरी पाहिलंय की आधी तेच बघा म्हणेन. वायर बहुतेक वेळा स्लायडिंग खिडकीच्या फटीतून आत घेतलेली असते. पाऊस आला की आपण धावत जाऊन खिडकी घट्ट ओढतो आणि वायर पट्टीत चेपते, पाऊस थांबला की खिडकी उघडतो आणि नेट परत येतं. फ्रेमच्या शेजारी भिंतीत भोक पाडून वायर तिथून घ्या, भोकाला बाहेरून खालच्या बाजूला उतार द्या, आणि आत शिरण्याआधी वायरीला वीतभर झोळ ठेवा म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी गळून जाईल, भोकातून घरात येणार नाही.