फांदी रुजते कधी, कुजते कधी

देशी झाडं बियांऐवजी फांदी, मुळी किंवा कलमापासून वाढवण्याबद्दल वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

प्रश्न : आमच्याकडे रस्ता रुंद होतोय. कडेचे जुने वड तोडायची परवानगी निघाली आहे. त्यांच्या फांद्या गायरानात लावल्या तर जगतील का? केवढी फांदी घ्यावी?
– एक वाचक, वाई

उत्तर : जगतील. वड, नांद्रुक, पांगारा, शेमट ही मोठ्या फांदीवरून होणारी झाडं आहेत. मनगटाहून थोडी जाड, म्हणजे ८ ते १२ सेंटिमीटर व्यासाची, सरळ आणि निरोगी फांदी निवडा. लांबी सात-आठ फूट ठेवा, म्हणजे वरच्या फुटव्यापर्यंत गुरांचं तोंड पोचत नाही. कोयत्याने तोडू नका, करवतीने कापा. कोयत्याच्या घावाने साल चिरते, लाकूड पिचतं आणि कूज तिथूनच शिरते. कापताक्षणी शेंड्याकडच्या टोकाला रंगाचा पट्टा ओढा. पानं उतरवलेल्या ढिगात वरचं टोक कोणतं आणि खालचं कोणतं हे जाणत्यालाही पटकन सांगता येत नाही, आणि उलटी लावलेली फांदी वाया गेली म्हणून समजा.

सगळी पानं काढा. चीक गळून थांबावा म्हणून फांद्या एक-दोन दिवस सावलीत उभ्या ठेवा आणि ओल्या गोणपाटाने झाका. लावताना आधी पहारीने दोन-अडीच फूट खोल भोक पाडा आणि फांदी त्यात सोडा. फांदी खांबासारखी वरून ठोकत बसू नका. मुळं सालीच्या आतल्या ओलसर थरातून फुटतात आणि ठोकताना खालच्या टोकाची नेमकी तीच साल चेंबते. मग भोकात थोडी थोडी माती टाकत काठीने ठासून दाबा. बुडाशी पोकळी राहिली तर टोक कोरडं पडतं, आणि पाऊस आला की त्याच पोकळीत पाणी साठतं. वरचा काप तिरका ठेवा आणि त्याला बुरशी रोखणारी बोर्डो पेस्ट लावा (१ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी). तेवढी तजवीज नसेल तर शेण-मातीचा लेप चालतो.

वेळ साधायची ती पहिल्या पावसाच्या थोडी आधी. तोड नेमकी हिवाळ्यात निघाली तर मोठ्या फांद्यांना पाणी घालायला माणूस लागेल. तो नसेल तर बोटाएवढ्या जाडीच्या, २० ते २५ सेंटिमीटरच्या काड्या पिशव्यांत लावा आणि पावसाळ्यापर्यंत रोपवाटिकेत सांभाळा. पाण्याचा निचरा न होणाऱ्या काळ्या चोपण जमिनीत फांदी खड्ड्यात नको, उंचवट्यावर लावा. आणि उभ्या झाडाला हात लावण्याआधी परवानगी कोणाच्या नावाची आहे ते पाहा. तोडणाऱ्याशी बोलून खाली पडलेल्या फांद्या त्याच दिवशी उचलणं सगळ्यात सोपं.

प्रश्न : काड्यांना आठ-दहा दिवसांत छान पालवी फुटली. महिन्याभरात सगळ्या वाळल्या. खत कमी पडलं का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : खताचा इथे संबंध नाही, उलट ताज्या शेणखताने बूड लवकर कुजतं. ही फसवी पालवी. काडीत साठलेल्या पिठूळ अन्नावर डोळे फुटतात, पण मुळं त्यामानाने उशिरा येतात. पानं बाष्पाने पाणी उडवत राहतात, खालून भरपाई होत नाही आणि काडी मान टाकते. म्हणून पालवी दिसली की हुरळून जायचं नाही. काडी हलकेच ओढून पाहा. ती मातीला धरून असेल तर मुळं आली आहेत. पण रोज उपसून बघण्याची सवय लागली असेल तर ती आधी मोडा.

यावर उपाय म्हणजे हवेत दमटपणा आणि माध्यमात निचरा. भरड वाळू आणि कोकोपीट सम प्रमाणात घ्या. बांबूच्या कमानींवर पारदर्शक प्लास्टिक टाका आणि हा बोगदा सावलीतच ठेवा. उन्हात तो भट्टीसारखा तापतो. प्लास्टिकला आतून बारीक थेंब धरलेले दिसायला हवेत. कोवळ्या-पक्क्याच्या मधल्या काडीला वरची दोन पानं अर्धी कापून ठेवा, बाकीची काढा. मुळं धरल्यावर प्लास्टिक एकदम उचलू नका. आठवडाभर रोज थोडं थोडं जास्त उघडत न्या. वाचलेली रोपं याच टप्प्यावर सर्वाधिक मरतात.

प्रश्न : रूटिंग हार्मोन घरी कसं तयार करायचं?
– एक वाचक, सांगली

उत्तर : त्यासाठी आयबीए (इंडोल ब्युटिरिक ॲसिड, काडीला मुळं फुटायला मदत करणारं संप्रेरक) लागतं. ते पाण्यात नीट विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये विरघळतं. ३००० पीपीएमसाठी (पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत किती भाग) ३०० मिलिग्रॅम आयबीए ५० मिलिलिटर अल्कोहोलमध्ये पूर्ण विरघळवा, मग पाणी घालून १०० मिलिलिटर करा. काडीचं खालचं दोन सेंटिमीटर टोक ५ ते १० सेकंद बुडवा, थोडं सुकू द्या आणि लावा. अर्धपक्क्या काड्यांना १००० ते ३००० पीपीएम पुरतं. जास्त घातलं तर जास्त मुळं येत नाहीत, बूड काळं पडतं. द्रावण गडद बाटलीत, फ्रिजमध्ये, मुलांच्या हाती लागणार नाही असं ठेवा. वडाला आणि पांगाऱ्याला याची गरजच नाही.

प्रश्न : शेताच्या बांधावर शंभर वर्षांचा हिरडा आहे. त्याच्या काड्या काही केल्या रुजत नाहीत.
– एक वाचक, जुन्नर

उत्तर : अडचण झाडाच्या वयाची आहे. फळावर आलेल्या जुन्या झाडाच्या शेंड्याकडचं लाकूड मुळं फोडायची कुवत बरीचशी गमावून बसतं. ऐन, बेहडा यांचंही तसंच. बुंध्याजवळ जमिनीलगत निघालेले फुटवे मात्र तुलनेने ‘तरुण’ असतात. ते वीतभर झाल्यावर काढले तर रुजायची शक्यता वाढते. तेही नसतील तर मुळांचा नाद सोडा आणि कलम करा. त्याच परिसरातल्या हिरड्याच्या बियांची रोपं तयार करा आणि त्यांच्या कोवळ्या खोडावर या झाडाची पेन्सिलएवढी कलमकाडी पाचर कलमाने (काडीचं टोक पाचरीसारखं तासून रोपाच्या चिरेत बसवून) चढवा. काडी आणि रोप एकाच जाडीचे घ्या. जाडी जुळली नाही तर किमान एका बाजूने तरी साल सालीला भिडू द्या.

प्रश्न : देवराईतल्या जुन्या कोकमाची कलमं केली. ती उंच न जाता जमिनीवर पसरतात. छाटणी करू का?
– एक वाचक, राजापूर

उत्तर : छाटणीने सुधारणार नाही. कोकमाच्या झाडाला दोन प्रकारच्या फांद्या असतात. मुख्य शेंड्याची फांदी सरळ वर जाते, बाजूच्या फांद्या आडव्या वाढतात. काडी आडव्या फांदीची असेल तर कलम झाल्यावरही ती आपली आडवी चाल सोडत नाही. नवी कलमं करताना शेंड्याकडची किंवा खोडावरून उभी निघालेली फांदीच घ्या. उतरायला अवघड म्हणून मजूर हाताला येणारी बाजूची फांदी आणून देतात, तेवढं डोळ्यांत तेल घालून पाहा.

आणखी एक गोष्ट. कोकमात नर-मादी झाडं वेगळी असतात. बागायतदाराला मादीच हवी, म्हणून त्याच्यासाठी कलम सोयीचं. देवराईचं तसं नाही. तिथे फक्त मादीची कलमं लावत गेलात तर पुढे बी धरण्याचं गणित बिघडेल. निम्मी तरी बियांची रोपं मिसळा.

प्रश्न : सीता अशोकाची गुटी करावी की छाट कलम?
– एक वाचक, पुणे

उत्तर : गुटी म्हणजे फांदीला झाडावरच मुळं आणणं, छाट कलम म्हणजे कापलेली काडी रुजवणं. दोन्ही नको, बी लावा. ताजं बी चांगलं उगवतं, फक्त वाळवून ठेवू नका. शेंगा पिकल्या की लगेच पेरा. जिथे बी सहज मिळतं आणि उगवतं, तिथे कलम म्हणजे उगीच खटाटोप.

प्रश्न : एका भव्य वडापासून दोनशे रोपं करून टेकडीवर लावायचा आमच्या मंडळाचा बेत आहे. हरकत काय?
– एक वाचक, सातारा

उत्तर : दोनशे झाडं दिसतील, पण जनुकांच्या हिशेबाने ते एकच झाड असेल. एक रोग किंवा एक कीड त्याला मानवली की सगळ्यांना मानवली. वडाच्या बाबतीत दुसरीही अडचण आहे. एका झाडावरची फळं साधारण एकाच सुमारास येतात, शेजारचं झाड मात्र वेगळ्या महिन्यात फळतं. या मागेपुढे होण्यावरच वडाच्या परागीभवनाच्या चिमुकल्या गांधीलमाशा जगतात. एका फळातून निघालेल्या मादीला काही दिवसांच्या आत कोवळी फळं धरलेला दुसरा वड गाठावा लागतो. धनेश आणि हरियाल या पक्ष्यांनाही वर्षभर कुठे ना कुठे फळं हवी असतात. एकाच वडाच्या फांद्यांची टेकडी त्यांना एकदा मेजवानी देईल आणि मग बरेच दिवस उपाशी ठेवेल.

तुमच्या भव्य वडाच्या आठ-दहा फांद्या जरूर लावा. बाकीच्या किमान पंधरा-वीस वेगवेगळ्या वडांवरून आणा आणि एकमेकांना लागून उभ्या असलेल्या दोन झाडांवरून शक्यतो घेऊ नका. भिंतींच्या फटीत आणि जुन्या विहिरींच्या कडेला पक्ष्यांनी पेरलेली रोपंही मिसळा. ती पावसाळ्यात, मुळीसकट आणि हळू हाताने काढावी लागतात. प्रत्येक फांदीला पत्र्याच्या तुकड्यावर खिळ्याने कोरलेला क्रमांक बांधा आणि मूळ झाड कुठलं ते वहीत लिहून ठेवा. मार्करने लिहिलेलं एका पावसाळ्यातच पुसलं जातं.