व्हेनिसच्या विमानतळावरून बस की बोट? आधी पूल मोजा

प्रश्न : ताई नमस्कार, मे महिन्यात आम्ही चौघं, मी, मिस्टर आणि माझे आईबाबा, दुबईमार्गे व्हेनिसला उतरतोय, दुपारची वेळ आहे. आई ७१ वर्षांची, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, सपाटीवर छान चालते पण जिना आला की एकेक पायरी. तीन मोठ्या बॅगा आहेत. अपार्टमेंट कान्नारेजो भागात गुल्ये पुलाजवळ घेतलंय. कोणी सांगतं बस २० मिनिटांत पोचवते, बोटीला तास लागतो, उगाच वेळ घालवू नका. जाऊबाई म्हणतात सरळ वॉटर टॅक्सी करा. काय करावं? — एक वाचक, ठाणे

उत्तर : तुम्ही आईच्या गुडघ्याचं आणि घर कुठे आहे ते दोन्ही लिहिलंत हे फार बरं केलंत, कारण या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. सगळे विमानतळापासूनची मिनिटं मोजत बसतात. मोजायचं असतं ते शेवटचं अर्धा किलोमीटर, आणि तेही मीटरमध्ये नाही, पुलांमध्ये.

म्हणजे कसं, मार्को पोलो विमानतळ मुख्य जमिनीवर आहे, तेस्सेरा नावाच्या ठिकाणी, आणि जुनं व्हेनिस समोर खाजणात, बेटांवर. मध्ये जवळपास ४ किलोमीटर लांबीचा पूल, रेल्वेचा १८४६ चा आणि त्याला लागून रस्त्याचा १९३३ चा. बस या पुलावरून जाते आणि पियात्साले रोमा नावाच्या चौकात थांबते. तिथे रस्ता संपतो, अगदी खरोखर संपतो, पुढे गाडी नाही, रिक्षा नाही, स्कूटर नाही. ती २० मिनिटं खरीच आहेत पण ती या चौकापर्यंतची. तुमच्या घरापर्यंतची नाहीत.

पुढे पायी जायचं तर पूल येतात आणि व्हेनिसचे बहुतेक पूल म्हणजे पायऱ्या, एका बाजूने वर, दुसऱ्या बाजूने खाली. असे ४०० च्या वर पूल आहेत शहरात. मी पहिल्यांदा गेले तेव्हा माझी आई बरोबर होती आणि मी नकाशावर अंतर बघून म्हटलं, हे काय, आपल्या घरापासून स्टेशनइतकं, चालत जाऊ. वाटेत पाच पूल लागले. प्रत्येक पुलाशी मी आधी एक बॅग वर नेऊन ठेवायची, मग खाली येऊन दुसरी, मग आईचा हात धरायला परत खाली, मागून माणसांची रीघ, आणि आई प्रत्येक वेळी म्हणायची "तू जा पुढे, मी येते सावकाश". चौथ्या पुलावर ती कठड्याला टेकून उभी राहिली आणि काही बोललीच नाही. तो चेहरा मी विसरलेले नाही, म्हणून हे इतकं लांबण लावून लिहितेय. चौकातून निघाल्यावर लागणारा २००८ चा तो आधुनिक पूल तर दिसायला देखणा, पण त्याच्या काचेच्या पायऱ्यांवरून लोक इतके घसरले की काचा काढून दगड बसवायची वेळ आली.

तर तुमच्यासाठी माझं स्पष्ट मत, आलिलागुना नावाच्या कंपनीची बोट घ्या, ऑरेंज लाइन. आपल्याकडे भाऊच्या धक्क्यावरून रेवसला लाँच जाते ना तसंच समजा, फक्त बंद केबिनची. विमानतळातून बाहेर आलात की बोटीच्या चिन्हाच्या पाट्या बघत जायचं, धक्का साधारण दहा मिनिटांवर, वाट आच्छादलेली आणि सपाट, बॅगा ढकलत नेता येतात, आईला एकही पायरी नाही. ही लाइन मादोन्ना देल्लोर्तो या थांब्यानंतर थेट गुल्येलाच थांबते, म्हणजे तुमच्या दारातच म्हणा ना. पाऊण तासाच्या आसपास धरा. ब्लू लाइनमध्ये मात्र चुकून बसू नका, ती मुरानो, लिदो या बेटांवरून मोठा फेरा मारून सान मार्कोला जाते, त्यात तुमचं घर कुठेच लागत नाही.

पैशाचं म्हणाल तर बोटीचं तिकीट माणशी १५ ते १८ युरोच्या घरात. बस १० युरो, स्वस्त वाटते, पण चौकातून गुल्येला चालायचं नाही म्हटलं की व्हापोरेत्तो आली, ती तिकडची सिटी बस म्हणजे बोटच, तिचं ७५ मिनिटांचं तिकीट साडेनऊ युरो. झाले की साडेएकोणीस! बस आणि व्हापोरेत्तोचं एकत्र तिकीट काढलं तर थोडं कमी पडतं, तरी बॅगांची चढउतार दोनदा आहेच. वाचतंय काय मग?

आता जाऊबाईंची वॉटर टॅक्सी. लाकडी, पॉलिश केलेली, झकास बोट असते, चौघांना मिळून १३० ते १५० युरो तरी मोजावे लागतात, ऐपत असेल आणि हॉटेलला पाण्याकडून दार असेल तर त्यासारखं सुख नाही. पण गुडघा दुखरा असेल तर एक गोष्ट बघा. आलिलागुना आणि व्हापोरेत्तोचे थांबे तरंगते असतात, भरती-ओहोटीबरोबर थांबाच वरखाली होतो, त्यामुळे थांबा आणि बोट साधारण एका पातळीत राहतात आणि पाऊल नुसतं पुढे टाकायचं. टॅक्सी बऱ्याचदा दगडी पायऱ्यांना लागते, आणि ओहोटी असली की पाण्याखालच्या पायऱ्या उघड्या पडतात, हिरव्या शेवाळाच्या, ओल्या. बोट डुलत असताना त्या पायरीवर पाय टाकायचा. तुमच्या आईंना मी तरी ते करायला सांगणार नाही.

एक काम आजच करा. घरमालकांना मेसेज करून विचारा की गुल्येच्या थांब्यापासून घर कालव्याच्या कुठल्या काठाला आणि वाटेत पूल किती. "जवळच आहे" या उत्तरावर थांबू नका, आकडाच मागा. आणि लिफ्ट आहे का तेही, जुन्या घरांत सहसा नसते. पत्त्यावरून अंदाज बांधू नका, कारण तिथे घरांचे नंबर रस्त्यावार नसतात, अख्ख्या विभागाला एकच नंबरांची माळ, असे सहा विभाग. सान मार्को अमुक नंबर असं लिहिलेलं घर सान मार्कोच्या चौकाजवळ असेलच असं नाही, रिआल्तो पुलाशीही निघू शकतं.

पूल लागतच असतील तर हमाल करा, पियात्साले रोमाच्या चौकात आणि मोठ्या थांब्यांवर मिळतात. त्यांच्या हातगाडीला पुढे दोन छोटी जादा चाकं असतात, ती वरच्या पायरीवर टेकवून गाडी पुलावर चढवतात. बघण्यासारखं आहे ते.

बाबांना मात्र बोटीत खिडकीशी बसवा. खाजण उथळ आहे म्हणून बोटींचा मार्ग पाण्यात रोवलेल्या खुंटांनी आखलेला असतो, तीन-तीन ओंडके एकत्र बांधलेले, त्यावर सीगल बसलेले, आणि मग हळूहळू समोर घरं उगवायला लागतात. व्हेनिसला हजार वर्षं लोक असेच आले, पाण्यावरून.

प्रश्न : आम्ही दोघं, एकेक सॅक, बजेट कमी म्हणून मेस्त्रेला हॉटेल घेतलंय. चूक केली का? — पुण्याहून

उत्तर : अजिबात नाही. मेस्त्रे म्हणजे पुलाच्या अलीकडचा, मुख्य जमिनीवरचा भाग, त्यामुळे तुम्हाला बोटीची गरजच नाही, विमानतळावरून मेस्त्रे स्टेशनला थेट बस आहे. तिथून व्हेनिस ट्रेनने दहा-बारा मिनिटं, फक्त उतरायचं ते सांता लुचियाला, शेवटचं स्टेशन. व्हेनिस मेस्त्रे असं नाव बघून परतीला आणि जाताना दोन्हीकडे लोकांचा गोंधळ होतो. कागदी तिकीट असेल तर गाडीत चढायच्या आधी फलाटावरच्या मशीनमध्ये पंच करा, नाहीतर तिकीट असूनही दंड.

आणखी एक. २०२४ पासून गर्दीच्या ठरावीक दिवशी, एप्रिल ते जुलैच्या दरम्यान, एका दिवसापुरतं येणाऱ्यांना प्रवेश फी असते, ५ युरो, आणि २०२५ पासून आयत्या वेळी भरली तर १०. मेस्त्रे व्हेनिस नगरपालिकेतच येतं, त्यामुळे तिथे मुक्काम करणाऱ्यांना ती माफ आहे, पण माफीचा क्यूआर कोड ऑनलाइन काढून मोबाइलमध्ये ठेवावा लागतो. निघायच्या आधीच काढा.

प्रश्न : स्वस्त विमान मिळालं, तिकिटावर व्हेनिस त्रेव्हिझो लिहिलंय. हे तेच का? — कोल्हापूर

उत्तर : नाही हो, हा वेगळा विमानतळ, व्हेनिसपासून ४० किलोमीटरच्या आसपास. बस तिथूनही पियात्साले रोमाला येते, सव्वा तास हाताशी धरा आणि बसचं भाडं तिकिटाच्या किमतीत मिळवून मग ठरवा स्वस्त पडलं का ते. इथून बोट नाही, म्हणजे चौकात उतरून व्हापोरेत्तो आलीच, तेव्हा वर ठाण्याच्या ताईंना पुलांबद्दल जे लिहिलंय ते वाचून घ्या, विशेषतः बरोबर कोणी वयस्क असेल तर.