चार वर्षांचं रक्त लसीच्या नावावर टाकू नका

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. २०२१ मध्ये गावच्या शाळेत तुम्ही कोविशिल्ड घेतली, पुढची पाळी लांबली आणि आली ती धो-धो. तेव्हापासून दर महिन्याला आठ-नऊ दिवस अंगावरून जातं, गाठी पडतात. कापूस वेचताना पात अर्धी सोडून धुऱ्यावर जाऊन कपडा बदलावा लागतो. सासूबाई म्हणतात, "सुईनंच बिघडवलं वं तुले." तालुक्याच्या एका डॉक्टरांनी सोनोग्राफीही न करता पिशवी काढायला सांगितलं. आता तुम्ही विचारता, हे लसीनंच झालं ना? आणि मग पोरीला गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची लस द्यावी का?

लसीनंतरची ती पहिली पाळी लसीमुळे बिघडली असू शकते. तेव्हा कुणी "मनाचे खेळ" म्हणालं असेल, तर ते चूक होतं. लस घेतली की शरीराची प्रतिकारशक्ती जागी होते, आणि पिशवीच्या अस्तराचं कामही तिच्याशी जोडलेलं आहे. टायफॉइडच्या लसीनंतर पाळी बदलल्याची नोंद १९१३ सालची आहे. तरी कोरोनाच्या लसीच्या मोठ्या चाचण्यांत बायांना पाळीचं विचारलंच नाही, याचा मला आजही राग येतो. बायांनी स्वतः बोलायला सुरुवात केली, तेव्हा अभ्यास झाले. २०२२ मध्ये निरनिराळ्या देशांतल्या जवळजवळ २०,००० जणींच्या नोंदी तपासल्या. पाळी सरासरी एक दिवसही पुढे गेली नव्हती. एकाच चक्रात दोन्ही डोस घेतलेल्यांची मात्र चारेक दिवस लांबली. लस कोणत्या प्रकारची, यानं फरक पडला नाही. बहुतेकींची पाळी पुढच्या एक-दोन महिन्यांत जागेवर आली. काहींना रक्तस्रावही जास्त झाला. युरोपच्या औषध नियामकानं फायझर आणि मॉडर्नाच्या लसींच्या माहितीपत्रकात तो दुष्परिणाम म्हणून घातला.

पण चार वर्षं? नाही ताई. लसीचा असर इतका टिकत नाही. तुमचं वय ४२. या वयात पिशवीत फायब्रॉइडच्या गाठी असतात, थायरॉईड बिघडतं, पाळी जायच्या आधी हार्मोन्स खालीवर होतात. "लसीनं झालं" म्हणत बसल्यानं यातलं एकही तपासलं गेलं नाही, आणि चार वर्षं रक्त जात राहिलं. पायऱ्या चढताना धाप लागते, असं तुम्ही पत्राच्या शेवटी सहज लिहिलंय. मला तीच ओळ सगळ्यात जास्त खुपली.

आशाताईला सोबत घेऊन याच आठवड्यात सरकारी दवाखान्यात जा. हिमोग्लोबिन बघा. बाईचं १२ तरी हवं. ८च्या खाली असेल तर थांबू नका. थायरॉईड आणि सोनोग्राफी करायला सांगा. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणीही करून घ्या, आपल्या विदर्भात तो बऱ्याच घरांत निघतो. तो आजार असेल तर लोहाच्या गोळ्या मनानं घेऊ नयेत. नसेल तर लाल गोळी जेवणानंतर पाण्यासोबत घ्या, पुढे तासभर चहा नको. शौच काळी होते, घाबरू नका. जाताना कालनिर्णयवर पाळीच्या तारखा आणि रोज किती कपडे बदलले ते लिहून न्या. आणि कधी तासातासाला कपडा भिजू लागला किंवा चक्कर आली, तर तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठा.

पिशवीचं म्हणाल तर घाई नको. रक्त कमी करायच्या गोळ्या आहेत, हार्मोनची तांबीसारखी वस्तू आत बसवता येते. त्यानं भागलं नाही, तर ऑपरेशनचा विचार. २०१९ मध्ये बीडच्या ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी झाली, त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. हा आकडा मी विसरू शकत नाही. तुम्ही वर्धा जिल्ह्यातल्या, सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय तुम्हाला लांब नाही. तिथे दुसरं मत घ्या.

आणि पोरीला लस द्या. पाळी एखाद्या महिन्यात पुढे-मागे झाली तरी पोरीची कूस बिघडत नाही. पाळीच्या पाच दिवस आधी आणि पाच दिवस नंतर कोरोनाची लस घेऊ नये, हे २०२१ मध्ये मोबाईलवर फिरलं होतं; सरकारनं तेव्हाच ते खोटं असल्याचं सांगितलं. तिच्या लसीच्या दिवशी पाळी आली, तरी तारीख चुकवू नका.