फ्लुइड चार्टबद्दल तू विचारलंस म्हणून

प्रिय,

तुझं पत्र मिळालं. इंग्लंडमधल्या तुझ्या केअर होममध्ये, म्हणजे वृद्धांच्या निवासी शुश्रूषागृहात, रात्री आजींना पाणी न पाजताच फ्लुइड चार्ट (कुणाला किती पाणी दिलं त्याची नोंद) भरला जातो, सिनियर ते किरकोळ म्हणते, तर काय करू, असं तू विचारलंस. आजींचं नाव आणि केअर होमचं नाव लिहिलं नाहीस, हे उत्तम केलंस. पुढेही लिहू नकोस. तिथले फोटो तर व्हॉट्सॲपवर कुणालाच पाठवायचे नाहीत, आईलासुद्धा नाही.

आता मुद्द्याचं. आजींची काळजी कशी घ्यायची ते लिहिलेल्या केअर प्लॅनमध्ये हॉइस्टसाठी (माणूस उचलायच्या यंत्रासाठी) दोन माणसं लिहिलेली असताना रात्री एकटीनंच आजींना उचलायचं आणि फ्लुइड चार्ट पहाटे एका बैठकीत भरून टाकायचा, हे ‘किरकोळ’ नाही. चार्टवर दर दोन तासांनी दीडशे मिली दिसलं की डॉक्टरला वाटतं, बाईंच्या पोटात पाणी नीट जातंय. प्रत्यक्षात त्या कोरड्या पडत असतात. मग लघवीचा संसर्ग होतो, बोलण्यात बरळणं येतं आणि ‘डिमेन्शिया वाढला’ म्हणून सगळे मोकळे होतात. तुझ्या सहीनं न पाजलेलं पाणी कुणी लिहायला सांगितलं, तर लिहायचं नाही. तेवढं आज रात्रीपासूनच पाळ.

‘इथे असंच चालतं’ म्हणणारी तुझी सिनियर दुष्ट असेलच असं नाही. रात्रपाळीला माणसं कमी असली की चांगल्या मुलीही असलं शिकतात. म्हणून तक्रार तिच्या स्वभावाची करू नकोस. रात्री किती जणी असतात, दोघींनी उचलायचे रहिवासी किती आहेत आणि त्यामुळे काय सुटतंय, ते मांड. चहाडी केल्यासारखं वाटतंय असं तू लिहिलंस. वाटणारच. आपल्याकडच्या वॉर्डात इनचार्ज सिस्टरसमोर तोंड उघडायची कुठे सवय असते!

लिहायचं ते त्याच दिवशी, वेळेसकट. ‘निष्काळजीपणा चालतो’ असं नको. ‘पहाटे ५ वाजता रात्री ११ ते ४ च्या नोंदी एकदम भरल्या जाताना पाहिलं’ एवढं पुरे. जे पाहिलं ते एका ओळीत आणि जे कुणाकडून ऐकलं ते वेगळ्या ओळीत. तुझ्या वहीत खोलीचा नंबर चालेल, नाव नको. मग रजिस्टर्ड मॅनेजरला, म्हणजे होमच्या अधिकृत जबाबदार मॅनेजरला, ईमेल कर. कॉरिडॉरमध्ये बोललेलं नंतर कुणाला आठवत नाही. व्हिसलब्लोइंग पॉलिसी (गैरप्रकार कळवायचे लेखी नियम) मागून घे. ती प्रत्येक ठिकाणी असते, बहुधा फायलीत झोपलेली.

मॅनेजर ढिम्म राहिला किंवा तोच त्यात असेल, तर काउन्सिलच्या (तिथल्या स्थानिक प्रशासनाच्या) ॲडल्ट सेफगार्डिंग टीमकडे, म्हणजे असहाय प्रौढांच्या संरक्षणाचं काम पाहणाऱ्यांकडे जा. इंग्लंडमध्ये २०१४ च्या केअर ॲक्टच्या कलम ४२ नुसार, काळजीची गरज असलेल्या माणसाचा छळ किंवा हेळसांड होत असल्याचा रास्त संशय असेल आणि त्याला स्वतःचा बचाव करता येत नसेल, तर चौकशी करणं काउन्सिलला भाग आहे. केअर होम आणि रुग्णालयं तपासणाऱ्या केअर क्वालिटी कमिशनलाही कळव. ते एकेका तक्रारीचा निवाडा करत नाहीत, पण तुझी माहिती त्यांच्या तपासणीत उपयोगी पडते. निनावी कळवता येतं, फक्त मग पुढचे प्रश्न विचारायला त्यांच्याकडे कुणी नसतं. आणि आजी पडल्या, शुद्धीत नाहीत, असं काही झालं तर यातलं काहीच नको, आधी आणीबाणीचा ९९९ नंबर.

एक ईमेल गेला की काम झालं असं समजू नकोस. ब्रिस्टलजवळच्या विंटरबोर्न व्ह्यू या खासगी रुग्णालयात बौद्धिक अक्षमता असलेल्या लोकांना मारझोड व्हायची. टेरी ब्रायन या वरिष्ठ नर्सनं व्यवस्थापनाला कळवलं, कमिशनलाही कळवलं, आणि काही हललं नाही. शेवटी २०११ मध्ये बीबीसीच्या पॅनोरामा या शोधपत्रकारितेच्या कार्यक्रमानं छुपं चित्रण दाखवलं. पुढच्या वर्षी ११ कर्मचाऱ्यांना शिक्षा झाल्या, त्यातले ६ तुरुंगात गेले. कमिशननं नंतर चूक कबूल केली. तेव्हा उत्तर नाही आलं तर आठवड्यानं पुन्हा विचार, आधीचा ईमेल खाली ठेवूनच.

तुझी खरी भीती मात्र व्हिसाची आहे, आणि ती खोटी नाही. गैरप्रकार उघड करणाऱ्यांसाठीच्या १९९८ च्या कायद्यानं असं बोलणाऱ्या कर्मचाऱ्याला संरक्षण आहे. पुरावा तुला गोळा करायचा नाही, गैरप्रकार होतोय आणि तो सांगणं लोकहिताचं आहे, ही तुझी समजूत रास्त आधारावर असली पाहिजे. या संरक्षणासाठी नोकरीला दोन वर्षं पूर्ण झालेली असावी लागत नाहीत. पण स्पॉन्सरशिप (तुझ्या व्हिसामागचं मालकाचं पाठबळ) गेली तर होम ऑफिसच्या, म्हणजे व्हिसा पाहणाऱ्या खात्याच्या, पत्रानंतर नवा मालक शोधायला किंवा देश सोडायला साधारण ६० दिवस मिळतात, आणि ट्रायब्युनल, म्हणजे नोकरीच्या तंट्यांचं न्यायालय, त्या वेगानं चालत नाही. गावाकडचं कर्ज डोक्यावर असलेल्या मुलीला ‘कायदा आहे ना’ म्हणणं सोपं आहे, म्हणून मी तसं म्हणणार नाही. मी म्हणेन, आधी तयारी कर. करारपत्र, पगाराच्या स्लिपा, स्पॉन्सरशिपचं सर्टिफिकेट यांच्या प्रती स्वतःच्या ईमेलवर ठेव. रहिवाशांचं काहीही मात्र तिथे ठेवायचं नाही. युनियनची सभासद हो, युनिसन केअर कामगारांना घेते. आणि गैरप्रकार कळवणाऱ्यांना सल्ला देणाऱ्या ‘प्रोटेक्ट’ या संस्थेला फोन कर. त्यांचा सल्ला मोफत आणि गोपनीय असतो, आणि वकिली भाषेतला नसतो.

एवढं करून मग ईमेल पाठव, पण फार दिवस जाऊ देऊ नकोस. तुझी तयारी होईपर्यंत आजींना पाणी लागणारच आहे, तेव्हा तुझ्या पाळीत त्यांना तू स्वतः पाज आणि खरं तेवढंच लिही.

मसुदा आधी मला दाखवायचा असेल तर नावं गाळून पाठव. रविवारी माझी सुट्टी आहे, दुपारनंतर फोन कर.

तुझी,
काकू